न विचारता शहरावर सोडलेले जंतू : सॅन फ्रान्सिस्को १९५० आणि त्यानंतर. सिद्ध काय, तर्क काय?

टिपकागद (धागाकर्ती)

'सरकारने आपल्याच लोकांवर जंतू फवारले' हे वाक्य आंतरजालावर दोन प्रकारे वाचलं जातं. काही जण ते ऐकून हसतात, काही जण प्रत्येक साथ त्याच खात्यावर मांडतात. कागद मात्र दोघेही उघडत नाहीत. या विषयाचे कागद उपलब्ध आहेत, म्हणून हा धागा.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोपासून करते. २० सप्टेंबर १९५० पासून आठवडाभर अमेरिकन नौदलाचं एक जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याजवळ उभं राहून शहराच्या दिशेने जिवाणूंचे ढग सोडत होतं. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन सी-स्प्रे'. दोन जिवाणू वापरले : सेरॅशिया मार्सेसेन्स, आणि त्या काळी बॅसिलस ग्लोबिगी म्हणत तो. सोबत चमकणारी रासायनिक भुकटी होती. शहरात आणि आसपास ४३ ठिकाणी हवेचे नमुने घेतले. लष्कराचा निष्कर्ष असा की शहरातल्या सुमारे ८ लाख लोकांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या श्वासातून ५,००० किंवा जास्त कण आत गेले. शत्रूने उद्या असा हल्ला केला तर शहर किती उघडं आहे, हे त्यांना मोजायचं होतं. महापौर, आरोग्य खातं, रुग्णालयं, नागरिक, कोणालाही कळवलं नव्हतं.

ही बातमी बाहेर यायला २६ वर्षं लागली. १९७६ च्या अखेरीस 'न्यूजडे' या वृत्तपत्राने ती छापली. १९७७ च्या फेब्रुवारीत लष्कराने स्वतःचा अहवाल दिला आणि ८ मार्चला सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. १९४९ ते १९६९ या काळात लोकवस्तीत अशा २३९ चाचण्या केल्याचं त्यात लष्करानेच मान्य केलं.

एक विनंती. फवारा कसा बनवला, कण केवढे ठेवले, हवा कुठली निवडली, यात इथे कोणीही शिरू नये. काय केलं, कोणाला सांगितलं नाही, परिणाम कसा तपासला किंवा तपासलाच नाही, आणि असं काही पुन्हा झालं तर शोधायचं कसं, एवढ्यावरच बोलू.

गोफण

त्याच सुमारास स्टॅनफर्डच्या रुग्णालयात ११ जणांना सेरॅशियाचा संसर्ग झाला आणि एडवर्ड नेव्हिन हा निवृत्त पाइपफिटर वारला. त्या रुग्णालयात आधी हा जंतू कधी दिसला नव्हता. शहरात न्यूमोनियाही वाढला होता म्हणतात. याला 'तर्क' कशाला म्हणायचं? सरकारने माणूस मारला, सरळ आहे.

सूक्ष्मदर्शी

गोफण, तुमचा संताप रास्त आहे, पण 'सरळ आहे' हे मान्य नाही. जरा सविस्तर लिहिते.

सेरॅशिया हा माती, पाणी, ओल्या भिंती इथे राहणारा जिवाणू. १८१९ मध्ये इटलीत पडुआजवळ मक्याच्या लापशीवर रक्तासारखे डाग पडू लागले, लोक घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओने ते सजीवाचं काम असल्याचं दाखवलं आणि त्याला हे नाव दिलं. लाल रंग प्रोडिजिओसिन या द्रव्याचा. या रंगामुळेच तो प्रयोगांत लाडका झाला, कारण जंतू वाढवायच्या बशीवर लाल ठिपका उगवला की आपण सोडलेला जंतू इथवर पोचला हे डोळ्यांना दिसतं. १९०६ मध्ये ब्रिटिश संसदेची हवा कशी खेळते हे तपासायला एम. एच. गॉर्डन यांनी याच जंतूच्या पाण्याने गुळण्या करून रिकाम्या सभागृहात शेक्सपिअर म्हटला आणि बाकांवर ठेवलेल्या बशा तपासल्या. म्हणजे १९५० पर्यंत 'निरुपद्रवी खूणजंतू' ही त्याची ओळख पक्की झाली होती.

ती ओळख चुकीची होती, आणि का चुकीची होती हे महत्त्वाचं. निरोगी माणसाच्या फुप्फुसातून किंवा आतड्यातून तो बहुधा निघून जातो. पण लघवीची नळी घातलेला, शस्त्रक्रिया झालेला, शिरेत सुई असलेला, प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण असेल तर तो रक्तात उतरतो. नेव्हिन ७५ वर्षांचे होते, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेतून बरे होत होते. जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर बसला आणि १ नोव्हेंबर १९५० ला ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांना हे इतकं वेगळं वाटलं की १९५१ मध्ये त्यांनी ११ रुग्णांवर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. शीर्षकातच 'क्रोमोबॅक्टेरिया', म्हणजे रंग देणारे जंतू, हा शब्द आहे. शहरावर फवारणी झालीय याची त्या डॉक्टरांना काहीच कल्पना नव्हती.

आता विरुद्ध बाजू. अकराही रुग्ण एकाच रुग्णालयातले. अकराही जणांवर काही ना काही वैद्यकीय प्रक्रिया झालेली. ढग सबंध शहरावरून गेला तर शहरातल्या इतर रुग्णालयांतही, नळी घातलेल्या रुग्णांत, असे संसर्ग दिसायला हवे होते. तसे दिसले नाहीत. एकाच इमारतीत, एकाच प्रकारच्या रुग्णांत साथ दिसली की पहिला संशय नळ्या, सलाईन, जंतुनाशकाचे डबे आणि हातांवर जातो. ढग कारणीभूत नव्हताच असं यावरून ठरत नाही. ढगातून आलेला जंतू रुग्णालयातल्या एखाद्या ओल्या भांड्यात वाढला आणि तिथून पसरला, असंही घडू शकतं.

ही कोंडी सोडवायला एकच गोष्ट उपयोगी पडली असती : रुग्णांच्या शरीरातून मिळालेला जंतू जपून ठेवलेला असणं. लष्कराचा वाण, म्हणजे या जंतूचा विशिष्ट उपप्रकार, '८ यूके' नावाचा होता, तो माहीत आहे. रुग्णालयाचा वाण तुलनेसाठी हातात असता तर आज दोन्हींची पूर्ण जनुकीय वाचणी करून प्रश्न निकालात निघाला असता. तो जपला गेला नाही. 'लाल रंग जुळला' हा पुरावा नव्हे, लाल रंग देणारे वाण पुष्कळ आहेत. तोच वाण ३७ अंशांवर फिकट आणि खोलीच्या तापमानाला लालभडक उगवतो, त्यामुळे रंगावर तर विसंबूच नये.

न्यूमोनियाचं नातं सिद्ध झालेलं नाही.

काळाकोट

कोर्टाचा भाग मी लिहितो, कारण याच खटल्याचे दाखले सगळ्यात जास्त चुकीचे दिले जातात.

नेव्हिनच्या कुटुंबाने अमेरिकन सरकारवर दावा लावला. वकील त्यांचा नातूच होता. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश सॅम्युअल कॉन्टी यांच्यापुढे सुनावणी झाली, दावा फेटाळला गेला. १९८३ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

'कोर्टाने लष्कराला निर्दोष सोडलं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कोर्टाची कारणं दोन होती आणि ती वेगळी ठेवली पाहिजेत. पहिलं कारण पुराव्याचं : लष्कराच्या वाणानेच मृत्यू झाला हे सिद्ध झालं नाही. दुसरं कारण कायद्याचं, आणि ते जास्त भयंकर. अमेरिकेत सरकारवर नुकसानभरपाईचा दावा १९४६ च्या कायद्याने करता येतो, पण त्यात अपवाद आहे : अधिकाऱ्याने धोरण म्हणून, स्वतःच्या विवेकाने घेतलेल्या निर्णयाबद्दल सरकारला जबाबदार धरता येत नाही. कुठे फवारायचं, कोणता जंतू वापरायचा हा 'धोरणात्मक विवेक' ठरला. म्हणजे वाण जुळला असता तरी भरपाई मिळाली नसती. निकाल वाचताना हे दोन धागे एकत्र गुंडाळले की सगळं चुकतं.

लष्कराच्या बाजूने जनरल विल्यम क्रीझी यांची साक्ष झाली. लोकांना आधी सांगून, त्यांची संमती घेऊन अशी चाचणी करता आलीच नसती, असा त्यांचा रोख होता. हे त्यांनी लपवलं नाही, आणि माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा कबुलीजबाब हाच आहे.

संमतीचा नियम तेव्हा माहीत नव्हता, असंही म्हणता येत नाही. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेली न्यूरेंबर्गची संहिता १९४७ ची. २६ फेब्रुवारी १९५३ ला अमेरिकेचे संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांनी त्याच धर्तीवर आदेश काढला : अण्वस्त्र, जैविक, रासायनिक युद्धाच्या प्रयोगांत माणूस वापरायचा तर त्याची लेखी, साक्षीदारांसमोरची संमती हवी. या आदेशावर 'अतिगोपनीय' असा शिक्का होता. ज्यांच्या रक्षणासाठी तो काढला, त्यांना तो वाचायला मिळाला नाही. आणि त्यानंतरही शहरांवरच्या चाचण्या पुढे सोळा वर्षं चालू राहिल्या, कारण शहरातली माणसं ही 'प्रयोगातली माणसं' नव्हेत, पार्श्वभूमी आहेत, असं गृहीत धरलं गेलं.

गोफण

'पार्श्वभूमी' हा शब्द डोक्यात बसला. पण मग जंतूऐवजी रसायन सोडलं तिथे काय? सेंट लुइसचं कोणी लिहील का?

टिपकागद

लिहिते. झिंक कॅडमियम सल्फाइड ही पिवळसर भुकटी. अतिनील प्रकाशात चमकते म्हणून हवेतून कुठवर गेली ते मोजता येतं. १९५३ पासून मिनिआपोलिस, सेंट लुइस आणि कॅनडातल्या विनिपेगमध्ये ती सोडली. सेंट लुइसमध्ये १९५३-५४ आणि पुन्हा १९६३ ते ६५. तिथे प्रुइट-आयगो या सरकारी घरकुलाच्या भागातही, जिथे जवळजवळ सगळी वस्ती गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांची होती. मिनिआपोलिसमध्ये एका प्राथमिक शाळेजवळही फवारणी झाली. १९५७-५८ मध्ये 'लार्ज एरिया कव्हरेज' नावाच्या मोहिमेत लष्कराच्या मालवाहू विमानांतून देशाच्या मोठ्या पट्ट्यावर.

इथे नुसतं मौन नव्हतं, थाप होती. शहरांना सांगितलं की शत्रूच्या विमानांपासून शहर लपवता येईल असा धुराचा पडदा तपासतोय. कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं हे आधीच ठरवलं होतं. प्रुइट-आयगोच्या रहिवाशांना खरं कळलं ते १९९४ मध्ये. त्यांची घरं तोवर पाडून वीस वर्षं होत आली होती.

सूक्ष्मदर्शी

यात कॅडमियम आहे, ते मूत्रपिंडाला आणि श्वासातून गेल्यास फुप्फुसाला घातक. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तपासून सांगितलं की उपलब्ध नोंदींनुसार लोकांना मिळालेली मात्रा अपाय करण्याइतकी नव्हती. त्याच अहवालात हेही आहे की या विशिष्ट संयुगाच्या विषारीपणावरचा अभ्यास फार तुटपुंजा आहे आणि प्राण्यांवर तो करायला हवा. बातम्यांत फक्त पहिलं वाक्य आलं.

आणखी एक. मात्रेचा अंदाज लष्कराच्याच नमुना-यंत्रांच्या नोंदींवर बेतलेला. फवारणीनंतर एकाही शहरात रहिवाशांची तपासणी झाली नाही. ना आधीची स्थिती नोंदली, ना नंतरची. चाळीस वर्षांनी 'अपायाचा पुरावा नाही' असं म्हटलं की दोन अर्थ निघतात, शोधलं आणि सापडलं नाही किंवा शोधलंच नाही. इथे दुसरा आहे.

उत्तरवारा

ब्रिटनची भर घालतो. इंग्लंडमधल्या मराठी मंडळींपैकी डॉर्सेट भागात राहणाऱ्यांना हे ऐकून माहीत असेल.

पोर्टन डाउन ही तिथली संरक्षण प्रयोगशाळा. २६ जुलै १९६३ ला लंडन भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न मार्गावर, कॉलिअर्स वुड आणि टूटिंग ब्रॉडवेच्या दरम्यान, गाडीतून जिवाणूंचे बीजाणू सोडले. ते उत्तरेला कॅम्डन टाउनपर्यंत, साधारण दहा मैलांवर सापडले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतही ६ ते १० जून १९६६ दरम्यान असंच केलं. दोन्हीकडे प्रवासी नेहमीसारखे ये-जा करत होते.

१९६३-६४ मध्ये लाइम उपसागरात 'आइसव्हेल' या जहाजातून ई. कोलाय आणि बॅसिलसचे जिवंत जंतू डॉर्सेटच्या किनाऱ्याकडे सोडले. सत्तरच्या दशकात पुन्हा चाचण्या झाल्या, तेव्हा सेरॅशियाही होता. बरीच ओरड झाल्यावर प्रा. ब्रायन स्प्रॅट यांनी १९९९ मध्ये स्वतंत्र तपासणी केली. निरोगी माणसाला धोका अगदी कमी, पण सिस्टिक फायब्रोसिससारखा फुप्फुसाचा विकार असलेल्या थोड्या लोकांना तो असू शकला असता, असा त्यांचा कौल. मला हा अहवाल प्रामाणिक वाटतो, कारण 'सरासरी माणूस' धरून तो थांबला नाही.

पण ब्रिटनमधली सगळ्यात अस्वस्थ करणारी घटना १९५२ ची. स्कॉटलंडच्या लुइस बेटाजवळ समुद्रात 'ऑपरेशन कॉल्ड्रन' चालू होतं. यात खूणजंतू नव्हे, खरे रोगजंतू होते. १५ सप्टेंबरला प्लेगच्या जंतूंचा ढग सोडला आणि 'कॅरेला' हे मासेमारीचं जहाज, १८ माणसांसह, इशारा न जुमानता त्यातून गेलं. माणसांना थांबवून औषध देणं शक्य होतं. त्याऐवजी नौदलाने जहाजावर लांबून नजर ठेवली आणि २१ दिवस बिनतारी संदेश ऐकत राहिले, कोणी आजारी पडल्याची हाक येते का म्हणून. कोणी आजारी पडलं नाही. खलाशांना काही सांगितलं नाही. कागदपत्रं जाळायचा हुकूम निघाला.

ही माणसं वाचली म्हणून हे प्रकरण विसरलं जातं. प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा उपलब्ध होतं. ते दिलं असतं तर गुपित फुटलं असतं, एवढंच कारण.

रानवाट

भारताचा विषय कोणी काढायच्या आत मीच काढते, कारण यात मुंबईचा थेट संबंध आहे आणि त्यावर खूप चुकीचं लिहिलं जातं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालायचं मोठं काम साठच्या दशकात केलं. कडीवर क्रमांक आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा' असा मजकूर. कडी घालताना पक्ष्याच्या अंगावरच्या गोचिडी, उवा गोळा करायच्या, रक्ताचे नमुने घ्यायचे. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. पुढे पैसा आला तो 'मॅप्स' नावाच्या प्रकल्पातून, म्हणजे स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांचं सर्वेक्षण, आणि त्याच्या मागे अमेरिकन लष्कर होतं. प्रमुख एच. इलियट मॅक्लूर, मुख्यालय बँकॉक.

जुलै १९७४ मध्ये पीटीआयने बातमी दिली की अशा प्रकल्पांचा उपयोग जैविक युद्धाच्या माहितीसाठी होऊ शकतो. लोकसभेत गदारोळ झाला आणि लोकलेखा समितीने चौकशी करून १९७५ मध्ये १६७ वा अहवाल दिला.

इथे नीट वाचा : भारतीयांवर जंतू सोडल्याचा पुरावा या अहवालात नाही. आक्षेप वेगळा आहे. सायबेरियातून कुठला पक्षी कधी कुठे उतरतो, त्याच्या अंगावर कुठली गोचीड, गोचिडीत कुठला विषाणू, ही माहिती पक्षीशास्त्राला लागते आणि रोग कुठे, कसा पसरवता येईल याचा हिशेब मांडणाऱ्यालाही लागते. पैसा देणाऱ्याचं घर बघून आपल्या खात्यांनी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. सालिम अलींनी संस्थेची बाजू ठामपणे मांडली, आणि त्या कामातून मिळालेलं पक्ष्यांचं ज्ञान खरं आहे, आजही वापरात आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

डासमार

त्याच अहवालात डासांचं प्रकरण आहे आणि ते पक्ष्यांपेक्षा गंभीर आहे.

१९६९ मध्ये दिल्लीत 'डासांचं जनुकीय नियंत्रण' करणारं केंद्र सुरू झालं. कागदावर जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), पैसा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा. हा पैसा पीएल ४८० चा, म्हणजे आपण त्यांचा गहू घेऊन रुपयांत फेडलेली रक्कम जी भारतातच साठली होती. कल्पना अशी : प्रयोगशाळेत लाखो नर डास वाढवायचे, त्यांना निर्बीज करायचं, गावात सोडायचे. माद्यांशी समागम होतो, अंडी फुटत नाहीत, पैदास घटते. नर चावत नाही, म्हणून सोडण्यात धोका नाही, असा युक्तिवाद.

तो कुठे फसतो ते सांगतो. पहिलं, नर-मादी वेगळे करायचे ते कोशाच्या अवस्थेत, आकारावरून. नराचा कोश लहान, मादीचा मोठा. चाळणी शंभर टक्के अचूक नसते, लाखांत काही माद्या जातातच, आणि माद्या चावतात. दुसरं, निर्बीज करायला वापरलेलं थायोटेपा हे कर्करोगावरचं औषध, स्वतः जनुकं बिघडवणारं. ते हाताळणारे कामगार आणि जिथे असे डास सोडले त्या गावांतलं पाणी यांचं काय, हा प्रश्न आधी लेखी सुटायला हवा होता. तिसरं, बाहेरच्या निर्बीज न केलेल्या नरांशी आधीच समागम झालेल्या माद्या उडत येतात, म्हणून गावाभोवती रुंद पट्टा मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर मोजलेली घट टिकत नाही.

आणि समितीचा मुख्य प्रश्न : डास कुठले निवडले? दिल्लीच्या गावांत क्युलेक्स, आणि सोनीपतमध्ये एडिस इजिप्टाय सोडायची तयारी. एडिस हा पीतज्वराचाही वाहक. भारतात पीतज्वर नाही. ज्याने त्या वर्षांत देश तापला होता तो हिवताप, त्याचा वाहक ॲनॉफेलिस. मग एडिसची घनता, उड्डाण, टिकाव याची बारीक आकडेवारी नेमकी कोणाला हवी होती? समितीने स्पष्ट लिहिलं की प्रकल्पाचा उपयोग भारतापेक्षा परदेशाला जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने आणि प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी जैविक युद्धाचा आरोप पूर्ण नाकारला. एडिस डेंग्यूचाही वाहक आहे हा त्यांचा मुद्दा आज जास्त वजनदार वाटतो, हेही नोंदवायला हवं. १९७५ मध्ये सोनीपतची सोडणी रद्द झाली, केंद्र बंद झालं.

गावकऱ्यांना काय सांगितलं, कोणत्या भाषेत, नकार द्यायची सोय होती का, हा माझा खरा आक्षेप. शस्त्राचा आरोप बाजूला ठेवला तरी तो उरतो.

गोफण

मग क्यासनूरचा माकडताप? १९५७ ला अचानक आला, पुण्याच्या विषाणू केंद्रात तेव्हा रॉकफेलरची माणसं होती. आता तो आपल्या दोडामार्गात आणि गोव्यात सत्तरीतही पोचलाय. पक्ष्यांचा प्रकल्प आणि हा रोग यांची सांगड घालणारे लेख फिरतात.

रानवाट

तारखा लावून बघा. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापली, पुण्याच्या केंद्राने विषाणू वेगळा केला ते १९५७. 'मॅप्स' सुरू झाला १९६३ मध्ये. कारण परिणामाच्या सहा वर्षं नंतर येत नाही. उलट झालं : हा विषाणू रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंच्या कुळातला निघाला, म्हणून तो पक्ष्यांबरोबर आला का हे तपासायला पक्ष्यांकडे लक्ष गेलं. रॉकफेलरच्या तज्ज्ञांनी रोग ओळखला म्हणून आणला असं म्हणणं म्हणजे आग विझवायला पहिला धावला त्याला आग लावणारा ठरवणं.

दोडामार्गात २०१६ ला जे झालं त्याचं कारण जमिनीवर दिसतं. जंगलाला लागून काजूच्या बागा, हंगामात तिथे दिवसभर काम, माकडं तिथेच, आणि गोचिडीची पिल्लं नेमकी त्याच कोरड्या महिन्यांत पालापाचोळ्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळ बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. माकड मेल्यावर गोचिडी त्याच्यावरून उतरतात आणि ती जागा काही काळ सगळ्यात घातक असते. कटाच्या लेखांमुळे ही माहिती मागे पडते, त्याचं मला फार वाईट वाटतं.

सूक्ष्मदर्शी

सिद्ध झालेलं प्रकरण कसं दिसतं तेही इथे असावं. ती चाचणी नव्हती, अपघात होता, पण लपवाछपवी तीच.

२ एप्रिल १९७९, सोव्हिएत संघातलं स्वेर्दलोव्स्क. लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू निसटले. निदान ६६ माणसं मेली. सरकार म्हणालं, दूषित मांस खाल्लं. रुग्णालयाच्या नोंदी केजीबीने नेल्या. पण फाइना अब्रामोव्हा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या शवविच्छेदन करणाऱ्या दोघांनी ऊतींचे नमुने, काचपट्ट्या आणि टिपणं जपून ठेवली. ४२ शवविच्छेदनांचं ते भांडार. मांसातून झालेला अँथ्रॅक्स आतड्यात दिसतो. इथे रक्तस्राव छातीच्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथींत होता. जंतू श्वासातून गेल्याची ती खूण.

१९९२ मध्ये मॅथ्यू मेसेल्सन यांचा गट तिथे गेला. त्यांनी घरोघरी जाऊन विचारलं : त्या सोमवारी दिवसा हा माणूस नेमका कुठे होता? घराचा पत्ता नव्हे, दिवसाची जागा. ते ठिपके नकाशावर मांडल्यावर लष्करी केंद्रापासून साधारण चार किलोमीटरची अरुंद पट्टी तयार झाली. त्याच रेषेत पुढे पन्नास किलोमीटरपर्यंतच्या गावांत मेंढ्या-गाई मेल्या होत्या. विमानतळाच्या हवामान-नोंदीत त्या दिवशीचा वारा याच दिशेचा. मांस विकलं जातं ते रेषेत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोशी तुलना करा. तिथे वारा, वेळ, जहाजाची जागा सगळं लष्कराच्या वहीत नोंदलेलं होतं, फक्त रुग्णाचा जंतू नव्हता. स्वेर्दलोव्स्कमध्ये वही गायब होती, पण ऊती होत्या. म्हणून एक प्रकरण सिद्ध झालं आणि दुसरं लटकलं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना एक कळकळीची सूचना : कधी न दिसणारा जंतू तीन-चार रुग्णांत लागोपाठ आला तर बशी फेकू नका. ग्लिसरॉलमध्ये करून उणे ७० ला ठेवा. नळीवर तारीख, रुग्णाचा वॉर्ड, नमुना कशाचा, कोणत्या तापमानाला वाढवला ते लिहा. शीतपेटी नसेल तर जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे पोच घेऊन द्या. तुमच्या रुग्णालयात हा जंतू वर्षाला किती वेळा येतो याची साधी नोंदवही हवी, नाहीतर 'वाढला' कशाच्या तुलनेत हे सांगता येत नाही.

टिपकागद

काळाकोट, आपल्याकडे जुने कागद मागायचे कसे, त्यावर लिहाल का?

काळाकोट

माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं.

लोक चुकतात ते मागण्यात. 'असा प्रयोग का केला' असं विचारलं की उत्तर येतं, हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागद मागा : अमुक करारनाम्याची प्रत, अमुक साल ते अमुक साल या काळातला पत्रव्यवहार, धारिकेवरील टिपणांसह. कलम ८(३) नक्की लिहा. वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती बहुतेक अपवाद बाजूला ठेवून द्यावी लागते. देशाची सुरक्षा, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे तीन अपवाद मात्र उरतात. डीआरडीओ दुसऱ्या अनुसूचीत आहे, तिला कायदा लागू नाही, अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचा. म्हणून अर्ज तिथे न करता आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर यांच्याकडे करा, करारावर त्यांचीही सही असते. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या कायम जपायच्या धारिका राष्ट्रीय अभिलेखागारात जातात, तिथे आधी सूची बघा. लोकलेखा समितीचा १६७ वा अहवाल मागायची गरज नाही, संसदेच्या संकेतस्थळावरच्या जुन्या अहवालांत शोधा.

आज परदेशी पैशावर आरोग्य संशोधन करायचं तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. नागालँडमध्ये २०१७ ला वटवाघळं आणि त्यांची शिकार करणारे यांचे नमुने घेतले गेले. त्या अभ्यासाला अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या संस्थेचा पैसा होता. तिथेही २०२० मध्ये परवानगीवरूनच चौकशी लागली. तुमच्या गावात कोणी रक्त, लाळ, डास, गोचीड गोळा करायला आलं तर तीन कागद बघायला मागा : नीतिमत्ता समितीचं मंजुरीपत्र, मराठीतलं संमतीपत्र, आणि पैसा कोणाचा हे लिहिलेलं माहितीपत्रक. संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे ठेवायला मिळाली पाहिजे, ती तुमची आहे.

अमेरिकेत १९७७ मध्ये कायदा झाला की अशा चाचणीआधी ३० दिवस स्थानिक अधिकाऱ्यांना कळवायचं. १९९७ मध्ये माणसांवर अशी चाचणी करायलाच मनाई आली. त्यातही शांततामय संशोधन आणि संरक्षण यांसाठीचे अपवाद आहेत, पण तिथे आधी संमती घेणं बंधनकारक आहे. नेव्हिनच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी.

गोफण

पहिल्या प्रतिसादातलं 'सरकारने माणूस मारला' हे बदलायची विनंती व्यवस्थापकांना केली आहे. त्याऐवजी : 'सरकारने ८ लाख माणसांना न विचारता जंतू श्वासात दिले, त्यानंतर कोण आजारी पडलं हे बघितलं नाही, आणि म्हणून नेव्हिनच्या घरच्यांना उत्तर कधीच मिळालं नाही.'

काळाकोट, १६७ व्या अहवालाची सगळी पानं उतरवून घेतली आहेत. गावकऱ्यांना काय सांगितलं होतं याबद्दल डासमार यांनी विचारलं होतं, त्या भागापासून वाचायला घेतो आणि सापडेल ते पान क्रमांकासह इथेच टाकतो.